सर्जिकल वॉर्डातला खोकला

(मंडळाच्या गेल्या वर्षीच्या गणेशोत्सवातील व्याख्यानाचा मजकूर)



काल इथे सुगम संगीत झालं, उद्या मुलांचं नाटक आहे, आणि मधल्या रिकाम्या दिवशी मी. सचिवांनी बोलावलं तेव्हा म्हणाले, "तब्येतीवर काहीतरी बोला, अर्धा तास बोला आणि फार घाबरवू नका." वेळेचं मी सांभाळतो, घाबरण्याचं तुम्ही सांभाळा.

आधी एक दुरुस्ती. बाहेरच्या फलकावर माझ्या नावाआधी 'डॉ.' छापलं गेलं होतं. दुपारी येऊन मी त्यावर कागदाची पट्टी चिकटवली आहे. मी डॉक्टर नाही. जनरल नर्सिंगचा डिप्लोमा केला आणि गेली वीस वर्षं राज्य सरकारच्या नोकरीत आहे. वॉर्डात मला ब्रदर म्हणतात, देपालपूर-बडनगरकडून आलेली माणसं भैया म्हणतात. लग्न ठरताना मुलीकडच्यांनी 'मुलगा नर्स आहे' हे दोनदा विचारून खात्री करून घेतली होती. त्या आज समोरच बसल्या आहेत, म्हणून पुढचं सांगत नाही.

वीसपैकी तेरा-चौदा वर्षं माझी ड्यूटी सर्जिकल वॉर्डात गेली. हर्निया, अपेंडिक्स, पित्ताशयातले खडे, आतड्याला पीळ, पोटात फुटलेला अल्सर. तिथे आमचं सगळं लक्ष एका गोष्टीवर असतं, जखमेवर. टाके कोरडे आहेत का, पू आहे का, नळीतून काय येतंय, पट्टी ओली झाली का. हात धुणं, चिमटे उकळणं, ड्रेसिंगची ट्रॉली, हे सगळं जखमेसाठी. आणि ते योग्यच आहे. पण माझं आजचं म्हणणं असं की या जखमेकडे पाहता पाहता वॉर्डातला खोकला आम्हाला ऐकूच येत नाही. सर्दी-तापाचा विषाणू तिथे शिरला, तर तो जखमेच्या नावाखाली लपतो.

कसा लपतो ते सांगतो. ऑपरेशननंतर ताप आला तर काय पाहायचं, यासाठी नर्सिंगच्या वर्गात 'डब्ल्यू'ने सुरू होणारे इंग्रजी शब्द पाठ करून घेतात. विंड, म्हणजे फुप्फुसं नीट फुगत नाहीत, हे पहिल्या एक-दोन दिवसांत. वॉटर, म्हणजे लघवीतला जंतुसंसर्ग. वाउंड, म्हणजे जखम, पाचव्या-सातव्या दिवशी. वॉक, म्हणजे न चालल्यामुळे पायाच्या शिरेत झालेली गुठळी. चांगली युक्ती आहे, मीही नवीन मुलामुलींना हीच शिकवतो. पण या यादीत शेजारच्या खाटेवरचा पेशंट नाही, भेटायला आलेला मेहुणा नाही, आणि सर्दी असताना ड्यूटीवर आलेला ब्रदर नाही. व्हिजिटर हा शब्द 'व्ही'ने सुरू होतो, म्हणून राहिला असेल.

त्यात ऑपरेशन झालेल्या माणसाची छाती आधीच अर्धी बांधलेली असते. भूल दिल्यावर श्वासनळीतला कफ वर ढकलणारे बारीक केस काही काळ मंदावतात. पोटावर चीर असली की माणूस खोल श्वास घेत नाही, दुखतं म्हणून. खोकत नाही, टाके तुटतील या भीतीने. म्हणून तर आम्ही तीन गोळ्यांचं ते प्लास्टिकचं यंत्र हातात देतो आणि मागे लागतो, "ओढा, ओढा, दुसरी गोळी वर जाऊ द्या." उशी पोटाशी घट्ट धरून खोकायला शिकवतो. अशा छातीत साधा फ्लू उतरला तर त्याचा न्यूमोनिया व्हायला वेळ लागत नाही. तुम्हा-आम्हाला जो ताप तीन दिवस घरी झोपवतो, तो तिथे ऑक्सिजन लावायला लावतो.

आता एक दूरची गोष्ट सांगतो. कॅनडातल्या टोरंटोची, २००३ सालची. त्या वर्षी सार्स नावाचा आजार आला होता. कोरोनाच्याच कुळातला, त्याचा थोरला भाऊ म्हणा. हाँगकाँगहून परतलेल्या एका बाईंबरोबर तो टोरंटोत पोचला आणि तिथून इस्पितळांत पसरला. मार्चमध्ये तिथल्या ओंटारिओ प्रांताने आणीबाणी जाहीर केली. एप्रिलच्या अखेरीस नवे रुग्ण कमी झाले, जागतिक आरोग्य संघटनेने प्रवासाचा इशारा मागे घेतला, आणि १७ मे रोजी आणीबाणी उठली. लोकांनी सुटकेचा श्वास सोडला. इस्पितळांतली खबरदारीही सैल झाली.

पण शहराच्या उत्तर भागातल्या नॉर्थ यॉर्क जनरल या इस्पितळात, अस्थिरोगाच्या वॉर्डात, एक ९६ वर्षांचे गृहस्थ होते. कंबरेचं हाड मोडलं म्हणून २२ मार्चला भर्ती झालेले. २ एप्रिलला त्यांना त्या वॉर्डात हलवलं. तिथे ताप आला, एक्स-रेमध्ये फुप्फुसावर डाग दिसला. अँटिबायोटिक दिलं, थोडं बरं वाटलं. १९ एप्रिलला पुन्हा ताप, पुन्हा श्वासाचा त्रास, शिवाय जुलाब. सार्सच्या कुठल्याही रुग्णाशी त्यांचा संबंध आल्याची नोंद नव्हती. डॉक्टरांनी विचार केला तो असा: वय ९६, अंथरुणाला खिळलेले, अन्न श्वासनळीत गेलं असेल, त्याचा न्यूमोनिया. अँटिबायोटिकने आतडी बिघडली असतील, त्याचे जुलाब. आता तुम्हीच सांगा, यात चूक काय काढाल? मी त्या वॉर्डात असतो तर मीही केस शीटवर हेच वाचून मान डोलावली असती. प्रत्येक लक्षणाला एक शहाणं, नेहमीचं कारण हाताशी होतं.

मागाहून तपास झाला तेव्हा कळलं की त्यांच्या आसपासच्या खाटांवरच्या रुग्णांना सार्स झाला होता. त्यांना भेटायला येणाऱ्यांना झाला होता. नर्सेसना झाला होता. १५ एप्रिल ते ९ जून या काळात दुसऱ्या लाटेचे ७४ रुग्ण नोंदले गेले, आणि त्यांतल्या ६७ जणांना तो त्या एकाच इस्पितळातून मिळाला होता. ७४ पैकी २९ इस्पितळाचे कर्मचारी, २८ तिथे भर्ती असलेले रुग्ण, आणि १७ जण भेटायला येणारे. हा शेवटचा आकडा लक्षात ठेवा, त्याच्याकडे मी परत येणार आहे. एका नातेवाइकाच्या बाबतीत तर उलटंच झालं, भेटायला येणारा आधी आजारी पडला आणि खाटेवरचा माणूस नंतर. आणि एका गृहस्थांना सार्स झाला, पण ज्या बायकोला भेटायला ते जात होते तिला झालाच नाही.

मला या गोष्टीत सर्वांत जास्त लागतं ते वेगळंच आहे. मे महिन्यात तिथल्या नर्सेसना शंका आली होती. एकसारखी लक्षणं, एकाच सुमारास, वेगवेगळ्या रुग्णांत. त्यांनी वर सांगितलं. त्यांना सांगण्यात आलं की सार्स गेला. त्यानंतर न्यायमूर्ती आर्ची कॅम्पबेल यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी आयोग बसला. त्याच्या अहवालात स्पष्ट म्हटलं आहे की नर्सेसचे इशारे ऐकले गेले नाहीत, आणि धोका शास्त्राने पुरता सिद्ध होईपर्यंत खबरदारीसाठी थांबून राहायचं नसतं. त्याच अस्थिरोग वॉर्डातल्या नेलिया लारोझा नावाच्या नर्स, मूळच्या फिलिपाईन्सच्या, २९ जून २००३ रोजी सार्सने वारल्या. ओंटारिओत सार्सने एकूण ४४ जण गेले. त्या बाईंचं नाव मी माझ्या डायरीत लिहून ठेवलं आहे. ओळख ना पाळख, पण ड्यूटी एकच.

सतरा वर्षांनी वुहानमध्ये हेच झालं. २०२० च्या जानेवारीत तिथल्या झोंगनान इस्पितळात १३८ रुग्णांचा अभ्यास झाला, त्यांतल्या ५७ जणांना कोरोना इस्पितळातच लागल्याचं मानलं गेलं. एक रुग्ण पोटाच्या तक्रारी घेऊन आला, म्हणून त्याला सर्जरीत भर्ती केलं. त्याच्यामुळे त्या विभागातले दहापेक्षा जास्त कर्मचारी आणि वॉर्डातले निदान चार रुग्ण बाधित झाले, असा निष्कर्ष आहे. पोट दुखतंय ना, मग सर्जरी. खोकला असला तरी त्याला कोण विचारतो!

आणि बाधित माणसाचं ऑपरेशन झालं तर काय होतं, तेही त्याच वर्षी कळलं. २४ देशांतल्या ११२८ रुग्णांची नोंद केली गेली. ऑपरेशनच्या आगेमागे कोरोना झालेले हे लोक. निम्म्याहून जास्त लोकांना फुप्फुसाचा त्रास झाला आणि महिन्याभरात साधारण चारातला एक दगावला. हे लशीच्या आधीचे दिवस होते, आज तसं नाही. पण एवढ्यावरून ऑपरेशन झालेल्या माणसाच्या छातीची नाजूक अवस्था तुमच्या लक्षात येईल.

परदेशातल्या गोष्टी सांगून मी आमचा वॉर्ड झाकून ठेवतो आहे, असं कुणी म्हणू नये. म्हणून आता माझी गोष्ट. इस्पितळाचं नाव घेत नाही, नोकरीत आहे.

कोविडच्या बऱ्याच आधीचा हिवाळा. शनिवारी सकाळी उठलो तो घसा खवखवत होता, नाक गळत होतं. फोन केला. दोन सिस्टर आधीच रजेवर, लग्नसराईचे दिवस. उत्तर आलं, "अरे, सर्दीच आहे ना? निदान ड्रेसिंग उरकून जा." गेलो. तोंडाला रुमाल बांधला, तो दर पाच मिनिटांनी खाली घसरायचा. मास्कचं खोकं ऑपरेशन थिएटरात कुलपात, वॉर्डासाठी नाही. गंमत पाहा, मिकुलिच नावाच्या सर्जनने १८९७ साली ऑपरेशन करताना तोंडाला जाळीचं कापड बांधायला सुरुवात केली, ती आपल्या थुंकीचे तुषार जखमेत जाऊ नयेत म्हणून. तेव्हापासून मास्क थिएटरात आहे. दार ओलांडून वॉर्डात यायला त्याला सव्वाशे वर्षं लागली.

अकरा नंबरच्या खाटेवर एक बाबा होते. सत्तरीचे, शेतकरी, हर्निया अडकला म्हणून रात्री-अपरात्री आणलेले. ऑपरेशन छान झालं होतं. तिसरा दिवस, पातळ खिचडी सुरू झालेली. मी त्यांना काखेत हात घालून बसवलं आणि ते गोळ्यांचं यंत्र तोंडाशी धरून शिकवत बसलो. चेहऱ्याला चेहरा लागेल इतक्या जवळून. बाबा एक गोळी वर न्यायचे, थांबायचे. मग माझ्याकडे पाहून म्हणाले, "भैया, थाने सरदी हुई गी कंई?" मी म्हटलं, "हो बाबा, थोडीशी." ते म्हणाले, "आलं खा, गुळासंगं." वॉर्डात माझी सर्दी दिसली ती फक्त त्यांना.

मंगळवारी त्यांना ताप. आम्ही काय केलं? पट्टी उघडली, जखम स्वच्छ. लघवी तपासायला पाठवली. अँटिबायोटिक बदललं. बुधवारी बारा नंबरवाल्याला ताप, पित्ताशयाचा पेशंट. रात्री बाबांजवळ जमिनीवर सतरंजी टाकून झोपणारी त्यांची बायको खोकायला लागली. गुरुवारी आमच्या एक सिस्टर रजेवर, शुक्रवारी दुसऱ्या. प्रत्येक खाटेचा टीपीआर चार्ट वेगळ्या पाटीवर लावलेला असतो. त्या पाट्या कुणी शेजारी-शेजारी मांडून पाहिल्या असत्या तर लहान मुलालाही कळलं असतं. कुणी मांडल्या नाहीत. मीही नाही. घशाचा नमुना पाठवावा हे कुणाच्या मनातच आलं नाही, कारण आमचा वॉर्ड सर्जरीचा.

बाबांचा खोकला थांबेना. उशी धरूनही थांबेना. आठव्या दिवशी खोकताना टाके उसवले. पुन्हा थिएटर, पुन्हा भूल, मग ऑक्सिजन. चार दिवस असे गेले की मी घरी जेवताना बोलत नव्हतो. वाचले. तीन आठवड्यांनी घरी गेले, निम्म्या वजनाने. फेब्रुवारीत त्यांचा मुलगा पिशवीभर हिरवे हरभरे घेऊन वॉर्डात आला. "बाबांनी भैयासाठी पाठवलेत. तुम्ही फार सेवा केली." मी ते घेतले. नाही म्हणता आलं नाही आणि खरं सांगताही आलं नाही.

तो विषाणू माझ्याकडूनच गेला, हे मला सिद्ध करता येणार नाही. बायकोकडून गेला असेल, बारा नंबरच्या भावाकडून गेला असेल. पण माझ्याकडून गेला नाही, हेही सिद्ध करता येत नाही. फ्लूचा माणूस लक्षणं दिसायच्या साधारण एक दिवस आधीपासून पुढे पाच-सात दिवस दुसऱ्याला देऊ शकतो, आणि घेणाऱ्याला एक ते चार दिवसांत ताप येतो. शनिवार ते मंगळवार. हा हिशोब मी त्या वर्षापासून किती वेळा केला असेल, माझं मला माहीत.

आमच्या जुन्या इमारतींबद्दल दोन शब्द. उंच छत, समोरासमोर मोठ्या खिडक्या. पूर्वी बांधणाऱ्यांनी विचार केला होता. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ साली सांगितलं की साध्या वॉर्डातही दर रुग्णामागे सेकंदाला ६० लिटर ताजी हवा आली पाहिजे. खिडक्या उघड्या असल्या तर अशा वॉर्डात हवा खेळती राहते. पण एका दानशूर गृहस्थांनी आईच्या स्मरणार्थ आम्हाला दोन स्प्लिट एसी दिले. भाव चांगला होता. एसी लागले, खिडक्यांना खिळे ठोकले गेले. स्प्लिट एसी बाहेरची हवा आणत नाही हो, खोलीतलीच गार करून परत फिरवतो. चौदा माणसांचे श्वास, त्यांच्या नातेवाइकांचे श्वास, गार करून पुन्हा सगळ्यांना. खिडक्या उघडाव्यात म्हणून मी तीन अर्ज दिले. चौथा देणार आहे.

आता येतो त्या सतरा भेटायला येणाऱ्यांकडे, म्हणजे तुमच्याकडे. आपल्याकडे विचारपूस ही मोठी गोष्ट. आजारी माणसाला पाहायला गेलं नाही तर पुढच्या लग्नापर्यंत लक्षात ठेवतात. मी ते हसण्यावारी नेत नाही. माझ्या वडिलांच्या ऑपरेशनला रामबागेतून चालत आलेल्या दोन काकू मला आजही आठवतात. पण भेटायला येणारा कसा बसतो पाहा: खाटेच्या कडेला, कारण खुर्ची नसते. तोंड जवळ आणतो, कारण हळू बोलायचं असतं. रेलिंगला हात लावतो, पाण्याची बाटली उचलून देतो. फ्लूचा विषाणू लोखंडी दांडीवर, प्लास्टिकवर दिवस-दीड दिवस टिकू शकतो, कापडावर काही तास. आणि सोबत नातवाला आणलेलं असतं, "आजोबांना बरं वाटेल" म्हणून. ते नाक पुसत पुसत सगळ्या खाटांवरून फिरून येतं.

मी दारात उभा राहून विचारतो, "घरात कुणाला सर्दी-खोकला?" शंभरातले शंभर म्हणतात, "नाही नाही." आणि आत जाऊन शिंकतात. खोटं का बोलतात मला कळतं. आत सोडणार नाही ही भीती. ठरलेल्या ऑपरेशनच्या आधीही असंच होतं. ताप आहे, पण मुलगा पुण्याहून रजा काढून आलाय, तारीख पुढे गेली तर? म्हणून भुलीच्या डॉक्टरांपासून खोकला लपवतात, क्रोसिन घेऊन टेबलावर चढतात. अहो, रजा पुन्हा मिळेल. हर्निया, खडे, मोतीबिंदू, ही ठरवून करायची ऑपरेशनं थांबू शकतात. भुलीच्या डॉक्टरांना सगळं सांगा, ते रागावले तरी सांगा.

आणि हा गणपतीचा काळ. आपल्या देशात फ्लू वर्षातून दोनदा उसळतो, एकदा जानेवारी ते मार्च आणि एकदा पावसाळा सरता सरता, म्हणजे ऐन आताच. समोर बसलेल्यांपैकी किती जण रुमाल घेऊन बसलेत, मला इथून दिसतंय.

तर मुद्द्याची गोष्ट. आपल्या मंडळाचे सर्वांत जुने सभासद, आपण सगळे ज्यांना अण्णा म्हणतो, ते खुब्याच्या हाडाच्या ऑपरेशननंतर भर्ती आहेत, हे तुम्हाला ठाऊक आहे. उद्या सकाळच्या आरतीनंतर कार्यकारिणीचे अकरा जण मोदक घेऊन त्यांना भेटायला जाणार, असं ठरलं आहे. मी परवाच्या बैठकीत विरोध केला, तर अध्यक्ष म्हणाले, "अण्णांनी चाळीस वर्षं या मंडळाला दिली, आणि आपण जायचंही नाही?" मला तिथे उत्तर सुचलं नाही. म्हणून हे व्याख्यान स्वीकारलं, खरं सांगतो.

टोरंटोतल्या त्या गृहस्थांचंही कंबरेचंच हाड मोडलं होतं. अण्णा ८४ वर्षांचे आहेत. त्यांच्या खोलीत आणखी तीन खाटा आहेत, त्या तिघांना आपण ओळखतही नाही.

आज दुपारी मी सूनबाईंना फोन केला. आरतीच्या वेळी त्या व्हिडिओ कॉल लावून देतील. अण्णांना ऐकू कमी येतं, म्हणून झांजा फोनच्या जवळ वाजवा, ढोल नको. मोदकांचा डबा फक्त खजिनदार नेतील, खाली गेटपर्यंत. सूनबाई उतरून घेऊन जातील. डब्यावर मंडळाचं नाव रंगाने लिहा, कागद चिकटवू नका. स्टीलचा डबा इस्पितळातून परत मिळत नाही, हा माझा वीस वर्षांचा अनुभव आहे.